विषय: रविवारची पिंपं – टेम्पो नाही, कुणाकडं ठेवायची?

बापू (विजापूर रोड), शुक्रवार रात्री

मंडळी, घाईत लिहायलोय. परवा रविवारी टेम्पो नाही, लग्नाचं भाडं धरलंय त्यानं, आणि लग्नसराईत आपल्या रविवारच्या भाजीबाजारात लोक आणून देतात तो शे-सव्वाशे किलो ओला कचरा खतासाठी शेतावर कोण ओढतंय. दोन्ही निळी पिंपं बाजार उठल्यावर दुपारी एकपासून मंगळवार सकाळपर्यंत ठेवायला जागा पाहिजे. शाळेच्या पटांगणात नाही जमणार, मागच्या वेळी वॉचमनबरोबर काय झालं ते सगळ्यांना माहितीय. भाजीचं टेन्शन नाही, चुका, गवार, भेंडी मी स्कूटरवर दोन फेऱ्यांत आणतो शेतावरून. ज्यांच्याकडं गॅरेज किंवा मागची बोळ आहे त्यांनीच उत्तर द्या, बाकी चर्चा नको.

अण्णा (एडिसन), शुक्रवार

बापू, चर्चा नको म्हणालास तरी सांगतो. न्यूयॉर्कला युनियन स्क्वेअरचा शेतकरी बाजार १९७६ पासून आहे, आणि तिथं भाजीच्या स्टॉलशेजारीच ओला कचरा घ्यायचे. मी तिकडं नोकरीला होतो तेव्हा आठवड्याच्या साली, चहाचा चोथा फ्रीजरमध्ये गोठवून पिशवी ट्रेननं न्यायचो. गोठलेलं गळत नाही, वास नाही, चिलटं नाहीत. एकदा घाईत डब्याची पिशवी घरी राहिली आणि सालीचीच ऑफिसच्या फ्रीजमध्ये गेली, दुपारी उघडली तर केळ्याच्या काळ्या साली, तेव्हापासून बायकोनं सालीच्या पिशवीला लाल रिबन बांधायला सुरू केलं. मटण, दूध-दही असलं काही घेत नसत. तर लोकांनाच गोठवून आणायला सांग, पिंप दोन दिवस कुठंही राहील.

माई (जुळे सोलापूर), शनिवार सकाळी

अण्णा, तुमचं एडिसनचं फ्रीजर आणि आमचं सारखं नव्हे. आमच्यात आधीच आमरस, सोललेले मटार आणि जावेच्या शेंगा-चटणीची बरणी आहे, त्यात साली कुठं कोंबू. आणि बाहेर बेचाळीस डिग्री, गोठवून आणलं तरी सात रस्त्यापर्यंत पाणीच होणार.

पिंपाशी उभी मी असते म्हणून सांगते. ह्या महिन्यात निम्मं पिंप टरबुजाच्या सालीनं भरतंय, सगळं पाणीच, म्हणून ते दोघांनी उचलत नाही. वर आंब्याच्या कोया, त्या वर्षभर कुजत नाहीत. मागच्या रविवारी एकानं काळी पिशवी गाठ मारून दिली आणि म्हणतो कसा, "सगळं ओलंच आहे काकू." सोडली तर मटणाची नळी, दोन रबरबँड आणि टूथब्रश. मी ती तशीच परत हातात दिली. माणूस चुका न घेता गेला.

खजिनदार, शनिवार

नोंद असावी म्हणून. पिंपं मंडळाच्या गणपतीच्या शिलकेतून घेतली आहेत, त्यामुळं कुणाच्याही घरी न्यायची तर रजिस्टरला सही पाहिजे. एक झाकण फेब्रुवारीपासून दिसत नाही. दुसरं, खताच्या पिशव्या छापून विकायचं चाललंय असं कानावर आलं. लेबल लावून विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागतो, ते आधी वाचा. तिसरं, ह्या बाजाराची कल्पना कुणाची यावर मला बोलायचं नाही, पण सरकारनं २०१६ ला शेतकरी आठवडे बाजाराला संत सावता माळींचं नाव दिलं तेव्हा त्यांचं गाव अरण आपल्याच माढा तालुक्यात आहे, आपण का मागं, असं पहिलं पत्र मी टाकलं होतं. जुन्या मेल बघाव्यात.

बापू, शनिवार

पिंप कुणाचं विचारलंच नाही बे. कुठं ठेवायचं विचारलंय.

वहिनी (होटगी रोड), शनिवार

माई, नळी का परत दिली? आमच्या सासऱ्यांनी डाळिंबाच्या बुंध्याशी हाडं पुरली होती, झाड काय लागलं म्हणता.

माई, शनिवार

पुरणं वेगळं आणि पिंपात दोन दिवस उघडं ठेवणं वेगळं. कुत्री तुमच्या दारात येत नाहीत, माझ्या येतात.

धाकटा (ह्यूस्टन), शनिवार रात्री

वास ओल्यामुळं येत नाही, आत हवा जात नाही म्हणून येतो. बापूदादा, पिंप भरतानाच थर द्यायचे, एक बादली ओलं की तीन बादल्या सुकं. तिकडं उसाचं पाचट फुकट मिळतं, लोक पेटवून देतात, दोन पोती आणून ठेवा. कडबा नको, तो जनावरांना लागतो आणि परवडणार पण नाही. एमआयडीसीतला टॉवेलचा रुवा कुणीतरी मागं सुचवला होता, तो रंगाचा असतो, नको. तीनास एक केलं की दोनाची आठ पिंपं लागतील हे मला कळतं, म्हणून निदान तळाला आणि वर जाड थर द्या आणि टरबूज वेगळं ठेवा, गोठेवाले नेतात. शेतावर ढीग चांगला मीटरभर उंच-रुंद घातला तर आत पंचावन्न-साठ डिग्री चढते, तणाचं बी मरतं. पिंपात तेवढं तापत नाही.

अण्णा, शनिवार

धाकट्या, बरोबर. पण रिबनचा मुद्दा राहिला.

वहिनी, रविवार पहाटे

अंबाडी असेल का आज? खालच्या तेलुगू काकूंना पाच जुड्या पाहिजेत.

बापू, रविवार पहाटे

अंबाडी सात जुड्या आहे, पाच ठेवतो. पण पिंपांचं कुणी बोलेना. माझ्याकडं ठेवायला तिसरा मजला, लिफ्ट नाही.

माई, रविवार सकाळी

माझ्या मागच्या बोळीत ठेवा. पाचट आणा, नाहीतर पिंप आत घेणार नाही. मंगळवारी टेम्पो नऊच्या आत आला पाहिजे. धुवायला माझ्याकडं पाणी नाही, नळ आता गुरुवारी येणार, तेव्हा आतून लाकडाच्या भुशानं घासून परत न्यायचं, आणि ते खजिनदारांनी करायचं, रजिस्टरला सही पण तिथंच होईल. दुसऱ्या झाकणाच्या जागी पोळपाट ठेवते आहे माझा जुना. तो परत पाहिजे.