एलईडीने प्लांकचा स्थिरांक: प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं का?

प्रश्न: प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या प्रयोगात एलईडी उजळताना दिसला की व्होल्टेज नोंदवतात आणि त्यावरून थेट प्लांकचा स्थिरांक (प्रकाशकणाची ऊर्जा भागिले प्रकाशाची वारंवारता) काढतात. एकाच संचावर ५ ते ७ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद असं काहीही येतं. चूक कुठे?

उत्तर १: ‘दिसला’ हाच घोटाळा! डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील, त्यात खोलीतला उजेड. १ किलोओहमचा रोध एकसरीत जोडा आणि प्रत्येक एलईडीतून नेमका १० मायक्रोअँपिअर प्रवाह ठेवून व्होल्टेज घ्या.

उत्तर २: शिवाय एकेका एलईडीवरून उत्तर काढूच नका. व्होल्टेज विरुद्ध १/तरंगलांबी असा आलेख काढा. चढ १२४० व्होल्ट-नॅनोमीटरच्या आसपास हवा. सगळ्या एलईडींत सारखी असलेली व्होल्टेजची तूट अंतःखंडात (रेषा व्होल्टेजच्या अक्षाला छेदते त्या किमतीत) जाते. चढाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणा, प्रकाशवेगाने भागा.

प्रश्नकर्ता: पण १० मायक्रोअँपिअरला लाल जेमतेम दिसतो.

उत्तर २: दिसायची गरजच नाही. तरंगलांबी ५ मिलिअँपिअरला ग्रेटिंगने (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीने) वेगळी मोजा. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका.

उत्तर ३: पांढरा एलईडी बाद. आत निळी चिप आणि वर फॉस्फर (निळ्या प्रकाशाचा काही भाग दुसऱ्या रंगांत बदलणारा लेप) असतो, म्हणजे एकच तरंगलांबी मिळत नाही. जुना ५६५ नॅनोमीटरचा हिरवाही टाळा, ५२५चा घ्या. तरी पदार्थ वेगवेगळे असल्याने बिंदू थोडे हलणारच.