अपडेटनंतर लॅपटॉपची स्क्रीन काळी : दोष अपडेटचा की लॅपटॉपचा?

मोर्शीचा_पेचकस
अपडेट झाला, लॅपटॉप रिस्टार्ट झाला आणि स्क्रीन काळी. आपल्याकडे कोणत्याही तालुक्याच्या गावी यावरचं निदान ठरलेलं आहे : "अपडेटनं बिघडवलं, विंडोज मारा", म्हणजे पुसून नव्यानं टाका. मला हे पटत नाही. ग्रामपंचायतीतला किंवा सेतू केंद्रातला लॅपटॉप महिना-महिना रिस्टार्टच होत नाही. संध्याकाळी झाकण पाडलं, सकाळी उघडलं, एवढंच. झोपलेल्या लॅपटॉपच्या रॅमला (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीला) वीज मिळत राहते. अपडेट मात्र रिस्टार्ट करायला लावतो, रॅमची नव्यानं तपासणी होते आणि धूळ-दमटपणानं काळवंडलेली रॅमची धातूची टोकं नेमकी तिथं अडतात. बिल फाटतं अपडेटच्या नावानं.

म्हणून पहिला प्रश्न एकच : सुरू करताना कंपनीचा लोगो दिसतो का? नसेल दिसत, तर विंडोजचा संबंधच नाही, कारण डिस्प्ले ड्रायव्हर (विंडोजकडून स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम) त्याच्या बराच नंतर चढतो. अडॅप्टर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि नुसत्या अडॅप्टरवर सुरू करा. तरीही अंधार असेल तर रॅम काढून सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरानं पुसा. दोन रॅम असतील तर एकेक करून, खाच बदलून लावा.

लोगो दिसला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा (कंपनीप्रमाणे एफ२, एफ१० किंवा डिलीट) आणि ती स्क्रीन उघडी ठेवून झाकण सावकाश पुढेमागे करा. एखाद्या कोनात रेघा आल्या किंवा अंधार झाला तर बिजागरीतली केबल गेली. विंडोज दहा वेळा मारलं तरी फरक पडणार नाही.

सेतू_दारव्हा
लोगो दिसत नाही तिथवर तुमचं खरं हाय भाऊ. पण लोगो दिसला, खालचे ठिपके गोल फिरले अन् मंग अंधार, हे केस काहून सोडून दिली? अपडेटनंतरच्या तक्रारीत हेच तं जास्त असते. तिथं ड्रायव्हरच गुन्हेगार हाय.

आता शुद्ध मराठीत, म्हणजे सगळ्यांना कळेल. आधी कॅप्सलॉक दाबून पाहा. दिवा लागतो-विझतो म्हणजे आत मशीन जागं आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, बारीक बीप येतो आणि कधीकधी तेवढ्यानंच चित्र परततं. काळ्या स्क्रीनवर माउसचा बाण दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणा आणि नवीन टास्कमध्ये 'एक्सप्लोरर' चालवून पाहा.

नाही जमलं तर ठिपके फिरू लागताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी रिकव्हरीचा निळा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग ४ दाबून सेफ मोड, म्हणजे कमीत कमी गोष्टींवर चालणारं विंडोज. तिथं विंडोज स्वतःचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरतं. सेफ मोडमध्ये स्क्रीन स्वच्छ दिसली तर पॅनल (स्क्रीनची काच), केबल, बॅकलाइट (काचेमागचा उजेड) तिघंही सुटले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर ड्रायव्हर काढून टाका आणि कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा जुना ड्रायव्हर टाका. हे करताना वायफाय बंद ठेवा, नाहीतर विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर गुपचूप परत आणतं.

आमगाव_शाळेची_लॅब
दोघांनाही एक विचारतो : वाट कोण पाहणार? शाळांना मिळालेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आणि आत तबकडी फिरणारी हार्डडिस्क आहे. मोठ्या अपडेटनंतर असं मशीन अर्धा तास काळ्या पडद्यावर कण्हत बसू शकतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर निदान तासभर हात लावू नका. वर सांगितलेला दोन-तीनदा बंद करण्याचा उपाय अपडेट बसत असताना केला तर विंडोज खरोखर मरतं. मग अपडेटनं मारलं म्हणा की तुम्ही मारलं म्हणा.

आणखी एक. रिकव्हरीत शिरल्यावर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती सहसा लॅपटॉपवर पहिल्यांदा वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आपल्याकडे ते खातं बऱ्याचदा विकणाऱ्या दुकानदारानंच उघडून दिलेलं असतं, आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. किल्ली आजच शोधून कागदावर उतरवा. स्क्रीन गेल्यावर नव्हे.

मोर्शीचा_पेचकस
मान्य, ठिपक्यांनंतरचा अंधार ड्रायव्हरचा. पण सेफ मोडमध्ये दिसलं म्हणून केबल सुटली हे नाही मान्य. त्या दोन मिनिटांत झाकण एकाच कोनात होतं, एवढंच त्यातून कळतं. झाकण हलवल्याशिवाय केबलला निर्दोष सोडू नका.

उलट चूकही सर्रास होते. एचडीएमआयनं टीव्ही जोडला, टीव्हीवर चित्र आलं, लगेच "पॅनल गेला". दोन ग्राफिक्स चिप असलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये आतला पॅनल इंटेलच्या चिपला आणि एचडीएमआय एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. इंटेलचा ड्रायव्हर फसला तर टीव्ही चालेल, पॅनल काळाच राहील, आणि गिऱ्हाईक काही हजारांचा नवा पॅनल बसवून घेईल. टॉर्चचंही तसंच. तिरपा उजेड टाकल्यावर पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट बंद आहे एवढंच ठरतं. बायोसमध्ये प्रकाश येत असेल तर बॅकलाइट धडधाकट आहे, ड्रायव्हरनं तो विझवून ठेवलाय.

केबल बदलायचीच असेल तर आधी मदरबोर्डवरून बॅटरीचा जोड काढा. वीज चालू असताना डिस्प्लेची केबल ओढली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, आणि काही शे रुपयांचं काम बोर्डावर जातं. नवा पॅनल घेताना जुन्याच्या पाठीवरचा नंबर, ३० पिन की ४० पिन आणि रेझोल्यूशन, तिन्ही जुळलं पाहिजे.

आर्वी_वायरमन
तुमच्या भांडणात लाइटीला कोणीच विचारलं नाही! विंडोज अपडेटमधून कधीकधी बायोसचाही अपडेट येतो. तो बसत असताना लाइन गेली तर पुढच्या वेळी लोगोसुद्धा येत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. म्हणजे पेचकसभाऊंचं "लोगो नाही तर विंडोजचा संबंध नाही" इथं चुकतं.

बहुतेक कंपन्यांचा बायोस-अपडेट अडॅप्टर आणि चार्ज बॅटरी दोन्ही असल्याशिवाय सुरू होत नाही. पण मेलेली बॅटरी चार्ज दाखवते आणि लाइन गेली की दोन मिनिटांत बसते. त्यातून वाचायचा मार्ग आहे. एचपीच्या बऱ्याच मॉडेलवर विंडोज आणि बी बटण धरून पॉवर दाबलं की बायोस स्वतःला दुरुस्त करू पाहतो. डेलवर कंट्रोल-एस्केप धरून अडॅप्टर लावतात.

व्होल्टेज कमी असल्याची भीती मात्र उगाच. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, १७०वर त्याला काही होत नाही. मारतो तो न्यूट्रल (परतीची तार) तुटल्यावर किंवा लाइन परत येताना बसणारा झटका. वादळाच्या दिवसांत अपडेट लावूच नका.

सेतू_दारव्हा
म्हणूनच म्हणतो, गावात ऑटो अपडेट बंदच ठेवा! पीक विम्याचे अर्ज भरायची गर्दी असते, बाहेर लोक ताटकळत असतात, आणि मशीन म्हणतं "बंद करू नका, ३० टक्के झाले". मोबाइलच्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायचं कनेक्शन) करून ठेवा, बहुतेक अपडेट उतरतच नाहीत.

आमगाव_शाळेची_लॅब
कायमचं बंद नको. सेतूच्या त्याच मशीनमध्ये गावाचे आधार आणि सातबारे असतात, वर दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात. गर्दीच्या काळात पाच आठवड्यांपर्यंत 'पॉज' करा. सुरक्षेचे अपडेट घ्या, पण ऑप्शनल अपडेट्समधले डिस्प्ले ड्रायव्हर घेऊ नका. स्क्रीन चालत असेल तर त्यांची गरज नाही. मोठा अपडेट मागे घ्यायचा असेल तर साधारण १० दिवसांतच घ्या, नंतर जुन्या विंडोजचं फोल्डर पुसलं जातं.

विंडोज १०चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ जबरदस्तीनं चढवणं चाललंय. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात अधिकृत बसत नाहीत. तिथं डिस्प्लेचा ड्रायव्हर रुसला तर रोल बॅक करत बसण्यात अर्थ नाही.

मूलचा_लिनक्सवाला
त्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाका. तिथंही अपडेटनंतर पडदा काळा होतो, पण जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) सहसा बाजूला शिल्लक असतो. सुरू करताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबच्या (सुरू होताना काय चालवायचं ते विचारणाऱ्या पडद्याच्या) यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना निवडा. तोही नाही चालला तर 'ई' दाबून लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' (nomodeset) हा एकच अखंड शब्द इंग्रजीत लिहा आणि एफ१० दाबा. साधा पडदा येतो, मग निवांत ड्रायव्हर पाहा.

मोर्शीचा_पेचकस
वायरमनभाऊ, बायोसचं बरोबर, माझं वाक्य दुरुस्त करतो : लोगो नसेल तर विंडोजचा ड्रायव्हर निर्दोष, बायोस नाही. आणि एक आपल्या भागापुरतं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंश असते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४५च्या वर जातो, टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. तासाभराचा अपडेट भर दुपारी लावू नका, आणि पंख्यावर साचलेला कापसाचा तूस आधी ब्रशनं काढा.

सेतू_दारव्हा
तूस काढतो. पण ऑप्शनल ड्रायव्हर घेणार नाही म्हणजे नाही.