जुन्या आयएसए कार्डासाठी बायोसमध्ये आयआरक्यू ५ कसा राखून ठेवावा?

सळईमापक:
आमच्या लहानशा प्रयोगशाळेत बांधकामाच्या सळयांची ताणचाचणी होते. चाचणीयंत्राला जोडलेल्या संगणकात ८ बिटांचे आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचे) कार्ड असून त्याचे सॉफ्टवेअर डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालते. मूळ मदरबोर्डाचे कपॅसिटर फुगल्यामुळे, एक आयएसए स्लॉट असलेला पेन्टियम ३ चा वापरलेला मदरबोर्ड आम्ही बसवला. त्यावर अवॉर्डचे बायोस (संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणारे मूळ सॉफ्टवेअर) आहे. महिनाभर काम सुरळीत झाले. परंतु अहवाल दुसऱ्या संगणकावर पाठवता यावेत म्हणून पीसीआय (आयएसएनंतरच्या पद्धतीच्या स्लॉटचे) नेटवर्क कार्ड घातल्यापासून चाचणी सुरू करताच भाराचा आकडा शून्यावर अडकून राहतो. नेटवर्क कार्ड काढले की यंत्र पूर्ववत चालते. आयएसए कार्डावरचा जंपर (पिना जोडून पर्याय ठरवणारी छोटी टोपी) आयआरक्यू ५ वर, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या ५ क्रमांकाच्या सिग्नल-ओळीवर आहे. तो १० वर न्यावा असे एकाने सुचवले, पण कार्डावर तशी पिनच नाही.

जुनेलोखंड:
तशी पिन नसणारच, कारण ८ बिटांच्या आयएसए जोडणीत आयआरक्यू २ ते ७ एवढ्याच ओळी येतात. १० आणि त्यापुढच्या ओळी १६ बिटांच्या स्लॉटच्या वाढीव भागात असतात. त्यातही ३ आणि ४ सीरियल पोर्टांकडे, ६ फ्लॉपीकडे आणि ७ प्रिंटर पोर्टाकडे जात असल्यामुळे व्यवहारात ५ हाच मोकळा उरतो.

जंपरचे कार्ड स्वतःची ओळख बायोसला देऊ शकत नाही. म्हणून बायोसच्या लेखी ५ रिकामाच असतो आणि ते तो नव्या पीसीआय कार्डाला देऊन टाकते. दोन पीसीआय कार्डे एक आयआरक्यू वाटून घेऊ शकतात, कारण तिथे सिग्नलची पातळी पाहिली जाते. आयएसए कार्ड मात्र सिग्नलच्या चढत्या कडेवर विसंबून असते, त्यामुळे या दोघांचे एका ओळीवर जमत नाही. खात्रीसाठी संगणक सुरू होताना पीसीआय उपकरणांची यादी येते तेव्हा पॉजची कळ दाबा. नेटवर्क कंट्रोलरपुढे ५ दिसला, तर निदान पक्के.

मग डिलीट दाबून बायोसमध्ये जा, ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन्स’ उघडा, ‘रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय’ हे ‘मॅन्युअल’ करा आणि आयआरक्यू ५ पुढे ‘लेगसी आयएसए’ निवडा. त्याच पानावरील ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा ‘एनेबल्ड’ करा, म्हणजे बायोस आधीची वाटणी पुसून नव्याने करील. पुढच्या वेळी तो पर्याय आपोआप ‘डिसेबल्ड’ झालेला दिसेल. बाकीचे आयआरक्यू आहेत तसेच राहू द्या.

निवांत_काका:
एवढा खटाटोप कशाला? नेटवर्क कार्ड दुसऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये घालून पाहा. माझ्याकडे तेवढ्यानेच भागले होते.

जुनेलोखंड:
काका, भागतेही, पण तो नशिबाचा भाग आहे. उद्या आणखी एक कार्ड घातले की वाटणी पुन्हा बदलेल. सळईमापक, डॉस वापरत असल्याने ‘पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड’ हे ‘नो’ असू द्या, नाहीतर काही कार्डांना आयआरक्यू देण्याचे काम बायोस ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडून देते आणि डॉस ते करीत नाही. शिवाय आयआरक्यू मोकळा करण्याच्या नादात प्रिंटर पोर्ट बंद करू नका. जुन्या चाचणी-सॉफ्टवेअरचे डोंगल (ज्याविना ते सॉफ्टवेअर चालत नाही असा परवान्याचा खुंटा) पुष्कळदा तिथेच लावलेले असते.

सळईमापक:
आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले, तर यादीत नेटवर्क कंट्रोलरपुढे ५ च होता. बदल केल्यावर त्याला ११ मिळाला आणि चाचणी नीट झाली. डोंगलही खरोखरच प्रिंटर पोर्टावर आहे. मात्र काल रात्रभर वीज नव्हती आणि सकाळी आकडा पुन्हा शून्यावर अडकला. बायोसमध्ये तारीखही चुकीची दिसली, म्हणून बायोसचे पर्याय आणि घड्याळ जपणारा मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल मोजला, तर ३ ऐवजी २.४ व्होल्ट भरला. नवा सेल घालून सर्व पर्याय पुन्हा लावले आहेत आणि त्या पानाचा फोटो काढून यंत्राच्या पेटीला आतून चिकटवला आहे.