ट्रम्पेट शिकवायला कोण हवं, फुंकून पोट भरलेला की ग्रेडवाला?

तिसरा_पिस्टन
मुलगा बारा वर्षांचा, दोन वर्षं झाली ट्रम्पेट शिकतोय, घराजवळच्या एका म्युझिक क्लासमध्ये, नाव लिहीत नाही. आधीचे सर आर्मीच्या बँडमधून रिटायर झालेले हवालदार होते. मे महिन्यात क्लासने त्यांना नारळ दिला आणि जूनमध्ये दारावर मोठा फ्लेक्स, 'आमची ब्रास फॅकल्टी', तीन फोटो. पहिले सर पियानोचे डिप्लोमावाले, दुसरे सॅक्सोफोनवाले, तिसऱ्यांच्या नावाखाली 'इव्हेंट्सचा दहा वर्षांचा अनुभव', चौकशी केली तर कीबोर्ड निघाला. म्हणजे तिघांपैकी एकानेही ट्रम्पेटचा माउथपीस कधी ओठाला लावून रोजी कमावलेली नाही.

माझं मत सरळ आहे, ब्रास शिकवणाऱ्याने काही वर्षं तरी फुंकून पोट भरलेलं असावं. कारण सांगतो. ट्रम्पेटला पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायच्या कळा, फक्त तीन. तिन्ही मोकळे ठेवा, एकही बोट हलवू नका, तरी खालचा सी, मग जी, वरचा सी, ई, जी असे पाच स्वर निघतात, आणि कुठला निघणार ते ओठ आणि दम ठरवतात. बोटं कोणीही पुस्तकात बघून दाखवेल हो, ओठाच्या आत काय चाललंय ते ज्याचा स्वतःचा ओठ तीस वर्षं त्यात झिजलाय त्यालाच कळतं.

पियानोवाल्या सरांनी पहिल्याच दिवशी पियानोचं पान पोराच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः साथीला बसले. पोरगं आपलं बरोबर वाजवतंय आणि ऐकू येतंय एक स्वर खाली. सर म्हणाले, बेसूर वाजवतोस. बी फ्लॅटचा ट्रम्पेट लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खालीच बोलतो, पियानोच्या सी शी जुळवायचं तर वाजवणाऱ्याला डी वाचावा लागतो, हे पोराला माहीत होतं, सरांना नव्हतं. घरी येऊन रडला.

ग्रेड_एट_पास
तुमच्या क्लासने गाढवपणा केला हे मान्य, पण त्यावरून रिटायर्ड बँडवाला म्हणजे उत्तम शिक्षक हे कुठून आलं? मी लहानपणी अशाच एका सरांकडे शिकलो. माणूस देवमाणूस, पण शिकवणं म्हणजे परेड. एक स्वर चुकला की पहिल्यापासून, का चुकला ते कधीच नाही. वरचा स्वर लागत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'जोर लगाओ'. जोर लावला म्हणजे काय, तर माउथपीस ओठावर दाबला, दोन वर्षांत ओठाला आतून कायमचा वण, आणि ती दाबायची सवय मोडायला पुढे तीन वर्षं गेली. मैदानात, उन्हात, चालत वाजवणाऱ्याला मोठा आवाज लागतो हो, पण तोच आवाज बारा वर्षांच्या पोराकडून कशाला काढून घ्यायचा?

आणि परीक्षांना नावं ठेवू नका. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची सहावी किंवा त्यापुढची ग्रेड द्यायची तर आधी पाचवीची थिअरी पास व्हावी लागते, त्या निमित्ताने तरी पोरं वाचायला शिकतात.

कोथरूडची_आई
मध्येच विचारते, रागावू नका. माझी मुलगी सॅक्सोफोन शिकते, तो पितळेचाच असतो ना, मग ब्रासच झाला की? त्या दुसऱ्या सरांचं काय चुकलं?

तिसरा_पिस्टन
ताई, सरांचं काहीच चुकलं नाही, फ्लेक्सवाल्याचं चुकलं. सॅक्सोफोनचं अंग पितळेचं पण आवाज निघतो वेताच्या पातळ पट्टीतून, रीडमधून, म्हणून तो क्लॅरिनेटच्या घरातला, वुडविंड. अडॉल्फ साक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून हा घोळ चालू आहे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा यांत रीड नसते, ओठच थरथरतो. मुलीसाठी ते सर चांगलेच असतील. माझ्या पोरासाठी म्हणजे तबलजीकडे बासरी.

हळदोण्याचा_जावई
अहो, गोव्यात हा वाद कधीच मिटलाय. पोर्तुगीज काळापासून चर्चला लागून संगीताची शाळा असायची, तिथला मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, पोरांना आधी सोल्फेजो घोकून घ्यायचा, दो रे मी, मग व्हायोलिन, मग ज्याला जे झेपेल ते. म्हणजे वाचणं आधी, वाद्य नंतर. आणि मेस्त स्वतः लग्नाला, फेस्ताला, मयताला वाजवणारा. डिग्री आणि पोट एकाच माणसात. तिथूनच पोरं मुंबईला गेली, हॉटेलांत जॅझ वाजवला आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसली. आमच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये बँड घेऊन वाजवायचा आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्याचा ट्रम्पेट आहे. कागद समोर ठेवला की वाजवणार, आणि कागद काढून घेतला तरी वाजवणार!

रातराणी_८८
सगळे आर्मीवर बोलताय, लग्नाच्या बँडवाल्याचं नाव कोणी काढत नाही. माझे काका चाळीस वर्षं युफोनियम वाजवत होते, तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू, ते जूनपर्यंत. मोठ्या विसर्जन मिरवणुकीत गणपतीपुढे सहा सहा तास उभ्याने. नोटेशन शून्य. पण नवं गाणं रेडिओवर दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा बँडमध्ये, चौघांचे वेगवेगळे सूर वाटून देऊन. हे कुठल्या ग्रेडला शिकवतात?

आणि एक टोचणारं बोलते. महाराष्ट्रात वाजंत्री कोणाकडे होती ते सगळ्यांना ठाऊक आहे, मातंग, होलार, घडशी. म्हणून 'बँडवाला' हा शब्द तुमच्या सोसायटीत शिवीसारखा येतो, आणि तेच वाद्य एसी खोलीत ट्रिनिटीच्या परीक्षेच्या पुस्तकासकट आलं की 'फॅकल्टी' होते. हवालदार सर तरी युनिफॉर्ममुळे चालतात. माझ्या काकांना कुठल्या क्लासने गेटच्या आत घेतलं असतं?

ग्रेड_एट_पास
@रातराणी_८८ शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच नाही. पण काकांचा कान जबरदस्त म्हणून ते तो दुसऱ्याला देऊ शकतील असं होत नाही ना. वाजवणं आणि शिकवणं ही दोन कामं आहेत. विहिरीत पाणी आहे पण पोहरा नको का?

रातराणी_८८
पोहरा त्यांच्याकडे होता. बँडमधली सात पोरं त्यांनीच तयार केली. फक्त त्याचं सर्टिफिकेट नव्हतं.

घाटावरचा_ट्युबा
मिलिटरीवाल्यांना थिअरी येत नाही हे कोणी सांगितलं? पचमढीला लष्कराची मिलिटरी म्युझिक विंग आहे, १९५० पासून, कुलाब्याला आयएनएस कुंजालीत नेव्हीची संगीताची शाळा आहे. बँडमास्तर होणाऱ्याला स्वरलेखन, हार्मनी, बँडसाठी वाटणी, सगळं येतं. पण बँडमधला प्रत्येक जण बँडमास्तर नसतो, आणि क्लासवाले जाहिरातीत नुसतं 'एक्स आर्मी' लिहितात, तिथे विचारायला हवं की साहेब, तुम्ही कुठल्या खुर्चीवर होतात.

बाहेर तर ही भिंतच नाहीये. ज्या आर्बनचं १८६४ चं पुस्तक आजही जगभर ट्रम्पेटवाले उघडतात तो पॅरिसमध्ये आधी फौजी बँडच्या पोरांनाच शिकवत होता. मोरिस आंद्रे, विसाव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला क्लासिकल ट्रम्पेटवाला, खाण कामगाराचा मुलगा, स्वतः चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे संगीत महाविद्यालयाची, फी परवडेना म्हणून मिलिटरी बँडात भरती झाला, कारण त्यातल्यांना फुकट प्रवेश. पुढे तिथेच प्रोफेसर. आता त्याला बँडवाला म्हणणार की डिग्रीवाला, तुम्हीच भांडा.

आणि श्वासाचं म्हणाल तर शिकागोच्या सिंफनीत १९४४ ते १९८८ ट्युबा वाजवणारा आर्नल्ड जेकब्स, त्याच्याकडे जगभरातून लोक दम कसा घ्यायचा ते शिकायला यायचे, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला दमा होता. फुप्फुसात हवा कमी म्हणून एकेक फुंकर कशी वापरायची यावर त्याने जन्मभर डोकं घातलं. ज्याला सगळं आपोआप येतं ना, त्याला बऱ्याचदा शिकवता येत नाही.

कोथरूडची_आई
हे शेवटचं वाक्य आमच्या गणिताच्या सरांना पाठवते.
बाकी माझा साधा प्रश्न, ट्रायल क्लासला गेल्यावर पालकाने बघायचं काय? आम्हाला ट्रम्पेट आणि तुतारीत फरक कळत नाही.

घाटावरचा_ट्युबा
सरांना म्हणायचं, तुम्ही जरा वाजवून दाखवता का. मोठ्याने नको, हळू आवाजात एक लांब स्वर. हळू आणि स्थिर वाजवणं सगळ्यात कठीण, मोठ्याने कोणीही वाजवतं. जे सर 'आज वाद्य आणलं नाही' म्हणतील तिथून चपला घालायच्या.

तिसरा_पिस्टन
अपडेट. हवालदार सरांचा नंबर वॉचमनकडून मिळाला, रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो. आल्या आल्या पोराचा ओठ खिडकीजवळ नेऊन उजेडात बघितला, मग विचारलं दातांना तार बसवायचीय का, बसवणार असाल तर मला आधी सांगा, नाहीतर ओठ कापेल. म्हणाले पुढचे आठ दिवस ट्रम्पेट कपाटात, नुसता माउथपीस वाजवायचा, आरशासमोर, रोज दहा मिनिटं. आणि @ग्रेड_एट_पास, मी मुद्दाम तुमच्या वणाचं सांगितलं. सर गप्प झाले, मग म्हणाले, 'हमको भी ऐसेच सिखाया था, रिटायर होने के बाद समझा.'

वरच्या मजल्यावरचे काका मात्र माउथपीसच्या आवाजाला डास समजून ऑलआउट लावून बसलेत.

ग्रेड_एट_पास
सरांना विचारा, चाळिशीतली माणसं घेतात का. सर्टिफिकेट नकोय, ओठ तेवढा दुरुस्त करून हवाय.