आरसीएवर (चुकीचं मूळ कारण सांगणारा अहवाल) सही मागताहेत, करू की नको?

नमस्कार मंडळी. इंदुरात एका मोठ्या आयटी कंपनीत टेस्टिंग लीड आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या एका रिलीजमुळे ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. 'रिग्रेशन अर्धंच झालंय, थांबूया' असं मी आदल्या संध्याकाळी टीम्सवर (ऑफिसचं चॅट) लिहिलं होतं. रिग्रेशन म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, ही फेरतपासणी. उत्तर कॉलवर आलं: "उद्या गो-लाइव्ह. मी बघून घेतो."

बघून घेणारे व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) आता कंपनीत नाहीत. त्यांच्या वरचेही हलले. नव्या साहेबांनी आल्या आल्या आरसीए मागवली. मसुद्यात मूळ कारण काय, तर 'टेस्टिंगने साइन-ऑफ दिला'. खाली माझं नाव, शुक्रवारपर्यंत सही. खोटं नाहीये ते, कॉलनंतर अप्रूव्हचं बटण मीच दाबलं.

२०१२ मध्ये ॲपलचे नकाशे फसले तेव्हा सीईओ टिम कुकनी माफीपत्र स्वतःच्या सहीने काढलं. नकाशांची जबाबदारी असलेल्या स्कॉट फॉर्स्टॉलनी सही नाकारल्याच्या बातम्या होत्या, आणि महिन्याभरात त्यांच्या जाण्याची घोषणा झाली. पण ते फॉर्स्टॉल. माझं होम लोन चालू आहे. (मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनीही २०२४ मध्ये सुरक्षेतल्या चुकांपायी आपला रोख बोनस कमी करून घेतला. त्या वर्षीचं एकूण मानधन तरी जवळपास ८ कोटी डॉलर, तेव्हा त्यांची काळजी नको.)

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत. म्हणतात, "साहेब तोंडी बोलले, तर नोटशीटवर 'मौखिक निर्देशानुसार' लिहायचं, मगच सही." आमच्या फॉर्मात शेऱ्याला जागाच नाही.

सही न करता 'वाचलं, मूळ कारण मान्य नाही' असा मेल चालेल का? आणि व्हीपींचं नाव घ्यावं का? माझ्या बढतीसाठी भांडले होते हो ते.

प्रतिसाद: बडोद्याहून. क्वालिटीतच आयुष्य गेलं माझं. नाव नको, पद आणि वेळ लिही. 'साइन-ऑफ दिला' हा फाइव्ह व्हायमधला (मूळ कारणापर्यंत पाचदा 'का' विचारायची पद्धत) पहिलाच 'का' झाला, 'का दिला?' हा पुढचा त्यांना मसुद्यात घालायला लाव, आणि तोवर सही करू नकोस. टीम्सचा मेसेज स्वतःच्या जीमेलवर मात्र पाठवू नकोस ताई, उलट त्यावरूनच तुला धरतील. लिंक आरसीएतच टाक.

धन्यवाद दादा. आत्ता शोधला. मेसेज आहे, संध्याकाळी ६:४२ चा. त्याखाली व्हीपींचा लाइकचा अंगठाही आहे.