फर्मवेअर अपडेटनंतर वजनकाट्यावरचा आयपी कॅमेरा सारखा रिस्टार्ट होतोय, कुणी वाचवलाय का असा?

बेदाणा_स्टोरेज:
नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथं चार बुलेट कॅमेरे आहेत, चारही एकाच मॉडेलचे, पीओई स्विचवर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा), आणि एक एनव्हीआर, म्हणजे सगळं रेकॉर्ड करणारा डबा. मध्यंतरी एनव्हीआरच्या स्क्रीनवर नवीन फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आल्याचा मेसेज सारखा यायला लागला, त्यात सिक्युरिटी फिक्स आहे असं लिहिलेलं, म्हणून कंपनीच्या साइटवर आमच्या मॉडेलच्या नावानं जी फाइल होती ती उतरवून चारही कॅमेऱ्यांना दिली. लाइट गेली नव्हती, सगळं इन्व्हर्टरवर होतं, शंभर टक्के झालं आणि कॅमेरे आपोआप रिस्टार्ट झाले.

त्यातले दोन एकदम ओके. गेटवरच्याला लॉगिन होतं, तारीख-वेळ दिसते, पण चित्र पूर्ण काळं. आणि वजनकाट्यावरचा तर उठतच नाही, पिंग (कॅमेरा नेटवर्कवर आहे का ते विचारणारी हाक) थोडा वेळ लागतो आणि जातो, परत लागतो परत जातो, शिडीवर चढून कान लावला तर आत टिक् असा आवाज येतो आणि थोड्या वेळानं परत टिक्. रिसेटचं बटण दाबून धरून बघितलं, काही फरक नाही. ती फाइल आता साइटवरून गायब आहे आणि हेल्पलाइनवाले म्हणतात तिकीट टाकलंय, वाट बघा.

काट्यावरचाच कॅमेरा बंद असणं आम्हाला परवडत नाही हो. माल उतरताना शेतकरी, व्यापारी आणि आमचा माणूस तिघांनाही भरवसा असतो की आकडा रेकॉर्ड होतोय, आणि आवक सुरूच होणार आहे आता. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, भांडण नकोय, कॅमेरा चालू व्हायला हवा. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

केबल_आणि_क्लिप (कोल्हापूर):
भावा, आधी पॉवर बघ. लोक फर्मवेअरच्या मागं लागतात आणि दोष निघतो केबलचा. स्विच बहुतेक ८०२.३एएफचा (पीओईचं एक स्टँडर्ड) असणार, पोर्टला १५.४ वॅट सोडतो आणि कॅमेऱ्यापर्यंत हिशेबानं १२.९५ पोचायला पाहिजेत. पण काटा ऑफिसपासून लांब असतो, शंभर मीटरच्या पुढं गेला असशील आणि त्यात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली केबल असेल, तर दिवसा चालतो आणि रात्री आयआरचे (अंधारात बघायला लागणारे इन्फ्रारेड) एलईडी पेटले की व्होल्टेज पडून रिस्टार्ट मारतो, दिसायला सेम असंच दिसतं. अपडेटनंतर पहिल्यांदाच पूर्ण पॉवरवरून बंद-चालू झाला असेल तर तेव्हाच हे उघडं पडतं.

कॅमेरा खाली काढ, ऑफिसात टेबलावर आण, पीओई न लावता १२ व्होल्टचा चांगला २ अँपिअरचा अॅडाप्टर लाव. दोन्ही एकदम लावू नको. टेबलावर पण टिक् टिक् करत राहिला तर मग फर्मवेअर. आणि आत एसडी कार्ड असेल तर हात लावायच्या आधी काढून बाजूला ठेव, रिसेटनंतर कॅमेरा कार्ड फॉरमॅट करू का विचारतो आणि घाईत माणूस हो म्हणतो, जुनं रेकॉर्डिंग गेलं.

लिनक्स_काका:
वरचं बरोबर आहे, पॉवर आधी. पण चारातले दोन चांगले, एक काळा, एक लूपमध्ये, हे वाचून मला वेगळा संशय येतोय. मॉडेलचं नाव एकच असलं तरी आतलं हार्डवेअर एकच असतं असं नाही. कंपन्या मधेच सेन्सर बदलतात, कधी प्रोसेसर बदलतात, खोक्यावर आणि साइटवर नाव तेच राहतं, फरक फक्त मागच्या लेबलवर एखाद्या अक्षरात किंवा आकड्यात दिसतो. चारही कॅमेऱ्यांच्या लेबलचे फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता लक्षणांकडे बघू. गेटवरच्यात लॉगिन होतंय म्हणजे बूटलोडर (चालू होताना सगळ्यात आधी धावणारा छोटा प्रोग्रॅम), कर्नल (सिस्टिमचा गाभा), वेब सर्व्हर सगळं धडधाकट आहे, फक्त नव्या फाइलमध्ये त्या सेन्सरचा ड्रायव्हर नसावा, म्हणून तारीख येते आणि चित्र येत नाही. तारीख सॉफ्टवेअर वरून चिकटवतं, तिला सेन्सर लागत नाही. मात्र हे नक्की करायचं तर एनव्हीआरवर बघू नका. व्हीएलसी प्लेअरमध्ये आरटीएसपीचा (थेट व्हिडिओचा) पत्ता टाकून, पोर्ट ५५४, थेट कॅमेऱ्याचं चित्र बघा, कारण कधीकधी अपडेटनंतर कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) बदलून एच.२६५ चा प्लस प्रकार सुरू होतो आणि जुन्या एनव्हीआरला तेवढंच झेपत नाही.

काट्यावरचा जो टिक् आवाज येतोय तो आयआर-कट फिल्टरचा. लेन्सच्या मागं एक छोटी काच असते, दिवसा आडवी येते आणि रात्री बाजूला सरकते, कॅमेरा चालू होताना एकदा हलते. ती हलते आणि पिंगही लागतो, याचा अर्थ बूटलोडर जिवंत आहे, कर्नलही उठतोय, मेन प्रोग्रॅम सुरू होतोय आणि तिथं आपटतोय. मग वॉचडॉग टायमर, म्हणजे प्रोग्रॅम अडकलाय का यावर नजर ठेवणारा, त्याला रिस्टार्ट करतो. म्हणजे हा मेलेला नाही. जो खरंच मेलेला असतो त्याच्या नेटवर्क पोर्टचा दिवाही लागत नाही आणि आवाजही येत नाही.

तेव्हा बूटलोडरच्या रस्त्यानं फाइल देता येईल. बऱ्याच कॅमेऱ्यांत पॉवर दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत बूटलोडर नेटवर्कवर टीएफटीपी सर्व्हर (साध्या पद्धतीनं फाइल देणारा प्रोग्रॅम) शोधतो, काहींत त्यासाठी रिसेटचं बटण दाबून धरूनच पॉवर द्यावी लागते. उदाहरण म्हणून सांगतो, हाइकव्हिजनच्या जुन्या कॅमेऱ्यांसाठी ही पद्धत सगळीकडे माहितीची आहे, तिथं लॅपटॉपला १९२.०.०.१२८ पत्ता द्यायचा आणि फाइलचं नाव डिजिकॅप डॉट डॅव असतं. तुमचा कॅमेरा काय मागतो ते त्यालाच विचारायचं. लॅपटॉपचं वायफाय आणि फायरवॉल बंद करा, वायरशार्क (नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करा, एआरपीचा (पत्ता शोधणाऱ्या हाकांचा) फिल्टर लावा आणि मग कॅमेऱ्याला पॉवर द्या. अमुक पत्ता कोणाचा, मला सांगा, अशी हाक त्यात दिसेल. ज्याला हाक मारतोय तो पत्ता लॅपटॉपला द्या, टीएफटीपी सर्व्हर चालू करा, परत पॉवर द्या, की पुढच्या पॅकेटमध्ये यूडीपी पोर्ट ६९ वर तो फाइलचं नाव सांगून मागणी करतो. त्याच नावानं बरोबर फाइल फोल्डरमध्ये ठेवायची.

एक गोष्ट पाळाच, कॅमेरा आणि लॅपटॉपच्या मध्ये एक साधा स्विच ठेवा. थेट केबल लावली तर कॅमेरा बंद-चालू होताना लॅपटॉपची लिंक तुटते आणि परत जुळेपर्यंत ते पहिले काही सेकंद निघून जातात. लोकांना हाक दिसत नाही आणि ते कॅमेरा मेला म्हणून टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फाइल मात्र तुमच्याच हार्डवेअर रिव्हिजनची हवी. कंपनीकडून तीच मागा, लेबलचा फोटो जोडून. कुठल्या तरी ड्राइव्हवरून कुणाची उचललेली नको.

सिक्युरिटी_सेल्स_पुणे:
मी डीलर आहे, एक सांगतो, वॉरंटीत असेल तर उघडू नका. टीएफटीपीला उघडावं लागत नाही, तिथवर ठीक. पण पुढं कोणी यूएआरटी (आतल्या बोर्डावरचा तपासणीचा पोर्ट) जोडा, चिपला क्लिप लावा असं सांगेल, तर सील तुटलं की सर्व्हिस सेंटर हात वर करतं, आणि बुलेटचं रबर सील एकदा निघालं की पहिल्याच पावसात आत वाफ धरते.

शिवाय नवीन कॅमेऱ्यांत तो रस्ता बंदच होत चाललाय. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी केंद्राचे जे सिक्युरिटीचे नियम लागू झाले त्यात यूएआरटीसारखे डीबग पोर्ट बंद तरी हवेत किंवा अवघड पासवर्डमागे तरी, असं आहे. त्यामुळं यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून नवीन माल खोलू नका. बदली मिळत असेल तर बदली घ्या, काट्यावर तोवर दुसरा कॅमेरा लावा.

लिनक्स_काका:
वॉरंटीबद्दल पूर्ण सहमत. पण बदली यायला किती वेळ लागतो ते तुम्हालाही माहीत आहे, म्हणून न उघडता जे होतं ते आधी करू द्या. आणि ज्यांची वॉरंटी संपलीय आणि जे उघडणारच आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, यूएआरटी बहुतेक ३.३ व्होल्टची असते, ५ व्होल्टचा कन्व्हर्टर लावला तर चिप जाऊ शकते, फक्त ग्राउंड, टीएक्स आणि आरएक्स जोडायचे, व्हीसीसीची वायर मोकळी ठेवायची. आणि चांगल्या कॅमेऱ्याची अख्खी फ्लॅश (आतली मेमरी) कॉपी करून बिघडलेल्यात ओतू नका. त्यात मॅक अॅड्रेस आणि सिरियल नंबरही असतो, मग एकाच नेटवर्कवर दोन कॅमेरे एकच ओळख घेऊन बसतात आणि चांगला चालणाराही गटांगळ्या खायला लागतो.

रात्रपाळी_सुपरवायझर:
आमच्या गोडाऊनला पण हाच प्रकार झालाय, चित्र काळंच. काका, लेबलवर नक्की काय बघायचं? आमच्याकडं मॉडेल नंबरच्या खाली कंसात एक छोटा आकडा आहे, दोन कॅमेऱ्यांवर ३ आणि एकावर ४. काळा पडलाय तो ४ वाला.

लिनक्स_काका:
तोच. रिव्हिजन म्हणतात ती तीच. बघा, संशय खरा निघायला लागला.

बेदाणा_स्टोरेज:
काका, केबलवाले दादा, सगळ्यांचे आभार, आता काय काय केलं ते सांगतो.

काट्यावरचा खाली आणला, टेबलावर अॅडाप्टरवर लावला, तरी टिक् चालूच, म्हणजे केबलचा दोष नाही. लेबलं बघितली तर जे दोन चांगले चालतायत त्यांच्यावर ३ आणि गेटवरच्या नि काट्यावरच्या दोघांवर ४! काट्यावरचा आम्ही नंतर घेतलेला, एवढं आठवतंय, गेटवरचा पण बहुतेक त्याच बिलातला. लेबलचे फोटो आणि इथल्या रात्रपाळी साहेबांचंही सेम आहे हे लिहून मेल टाकला, आणि हेल्पलाइनवर जे हलत नव्हतं ते त्या फोटोंनी हललं, रिव्हिजन ४ ची वेगळी फाइल आणि तिचा एमडी५ (फाइल जशीच्या तशी आलीय का ते तपासायचा कोड) मेलनं आला. उतरवलेल्या फाइलचा एमडी५ जुळवूनच पुढं गेलो.

गेटवरच्याला वेब पेजवरूनच दिली, रिस्टार्ट झाला आणि चित्र आलं. काट्यावरच्यासाठी मध्ये स्विच ठेवून वायरशार्क लावला. आधी काहीच दिसेना. मग बटण दाबून धरून पॉवर दिली आणि स्क्रीनवर ओळ आली, १९२.१६८.१.२५४ कोणाचा, १९२.१६८.१.१० ला सांगा! लॅपटॉपला २५४ दिला, पुढच्या खेपेला फाइलचं नाव मागितलं त्यानं, तेच नाव देऊन ठेवली, गेली फाइल. त्यानंतर बराच वेळ नुसता शांत होता, पोटात गोळा आलेला, पण काकांनी लिहिलंय की बूटलोडर जिवंत आहे म्हणून पॉवरला हात लावला नाही. मग एकदाच टिक् झालं आणि पिंग लागला तो लागूनच राहिला.

एनव्हीआरला मात्र तो अजून लाल दाखवतोय, पासवर्ड चुकीचा म्हणतो. आणि वेळ १९७० सालची आहे.

केबल_आणि_क्लिप (कोल्हापूर):
लय भारी भावा! एनव्हीआरचं सोपं आहे. सगळं पुसलं गेल्यावर कॅमेऱ्यातला ओएनव्हीआयएफचा (कॅमेरा आणि एनव्हीआर जोडायची सामाईक पद्धत) युजर पण जातो, तो वेब लॉगिनपेक्षा वेगळा असतो आणि नवीन फर्मवेअरमध्ये बऱ्याचदा ओएनव्हीआयएफ बंदच असतं. आधी ते चालू कर, युजर बनव, मग एनव्हीआरमधला जुना चॅनल काढून नव्यानं जोड.

वेळ मात्र आजच्या आज लाव. काट्यावरच्या रेकॉर्डिंगला वेळ चुकीची असली तर ते दाखवून कुणाचं समाधान होणार नाही, पावतीवरची वेळ आणि व्हिडिओवरची वेळ जुळली पाहिजे. एनटीपीमध्ये (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सेटिंग) एनव्हीआरचा पत्ता टाक, टाइमझोन साडेपाच तास पुढं, आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ कर, नाहीतर रात्री ट्यूबलाइटखाली पट्टे मारतील आणि काट्याचा डिस्प्ले वाचता येणार नाही.

आणि इथून पुढं चालतंय तर हात लावू नको एवढंच सांगेन.

बेदाणा_स्टोरेज:
चॅनल जोडला, वेळ लावली, काट्याचा आकडा स्वच्छ दिसतोय, कॅमेरा परत जाग्यावर चढवला. पण दादा, सिक्युरिटी फिक्स म्हणून तर अपडेट केलं होतं, मग करायचंच नाही का पुढं?

लिनक्स_काका:
करायचं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं जगभरचे कॅमेरे नि डीव्हीआर कारखान्यातून आलेल्या पासवर्डवर ताब्यात घेतले होते, २०२१ मध्ये एका मोठ्या ब्रँडच्या कॅमेऱ्यांत पासवर्डशिवाय आत शिरता येईल असा दोष निघाला, तो फर्मवेअर बदलल्याशिवाय जात नव्हता. त्यामुळं कधीच हात लावू नका हे मला पटत नाही. पण चारही एका दमात नाही. आधी एक, तोही काट्यावरचा सोडून, त्याच्यावर दिवस-रात्र दोन्ही बघा, मग बाकीचे. देण्याआधी सेटिंगची बॅकअप फाइल आणि आत्ता चालणारं फर्मवेअर लॅपटॉपवर ठेवा, रिव्हिजन नावात लिहून.

आणि राउटरवर कॅमेऱ्यांसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट आत यायचा रस्ता) केलेलं असेल तर ते आज बंद करा. कॅमेरा बाहेरून दिसतच नसेल तर अपडेटला महिनाभर उशीर झाला तरी झोप उडत नाही.

केबल_आणि_क्लिप (कोल्हापूर):
पोर्ट फॉरवर्डिंगचं मान्य, काका. भावा, राउटरचा पासवर्ड कुणाकडं आहे तुमच्यात? बसवणाऱ्यानं पोर्ट ८० आणि ५५४ उघडून ठेवले असतील तर तिथंच दिसतील, बघून टाक इथं.

बेदाणा_स्टोरेज:
बघितलं, दोन्ही उघडे होते. बंद केले. मोबाइलवर बाहेरून आता दिसत नाही, त्याचं उद्या विचारतो, वेगळा धागा काढून.