सातव्या महिन्यात बंडलचं बिल ₹२९५ नी वाढलं, जाहिरात १२ महिन्यांची होती

इंदिरानगरकर
फायबर १०० एमबीपीएस, लँडलाइन आणि दोन पोस्टपेड सिम असं एकत्र पॅकेज. दरमहा ₹१,०९९ अधिक जीएसटी, जाहिरातीत ‘१२ महिने हाच दर’. सहा बिलं ₹१,२९६.८२ ची आली, सातवं थेट ₹१,५९१.८२. कॉल सेंटरचं उत्तर: ‘प्लॅन रिव्हाइज झालाय, सर.’ ऑटोपे चालू आहे, म्हणजे पैसे गेल्यातच जमा. असा मध्येच दर बदलता येतो का? आणि सोडायचं झालं तर ०२५३ चा लँडलाइन नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येईल का?

सातपूरचा_फायबरवाला
१,५९१.८२ ला १.१८ ने भागा, १,३४९ येतात. मूळ दरात २५० चा फरक, वरचे ४५ जीएसटीचे. आता बिलातला तपशील नीट बघा. ‘मासिक भाडे’च १,०९९ चं १,३४९ झालंय, की भाडं पहिल्यापासून १,३४९ होतं आणि त्याखालची ‘सवलत −२५०’ ही ओळ गायब झालीय? पहिलं असेल तर सरळ दरवाढ. दुसरं असेल तर सवलतीची मुदत संपली किंवा बंडल तुटलं. एखादं सिम प्रीपेड केलं तरी बंडल तुटू शकतं.

इंदिरानगरकर
सवलतीची ओळ होती, ती गेलीय. सिम दोन्ही जागेवर आहेत.

पंचवटी_४२२००३
मग हा सहा महिन्यांचा हिशोब आहे. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार प्लॅन घेतल्यापासून सहा महिने ग्राहकाच्या तोट्याचा बदल करता येत नाही. म्हणून वाढ नेमकी सातव्यात उगवते! त्याहून मोठी मुदत सांगून आगाऊ रक्कम घेतली असेल, तर त्या पूर्ण मुदतीचं संरक्षण मिळतं. तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरता, त्यामुळे हे कलम तुम्हाला तोकडं पडेल. तुमचा जोर ‘१२ महिने हाच दर’ या शब्दांवर हवा. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, वेलकम मेल आणि सातही बिलांच्या पीडीएफ आजच उतरवून ठेवा. खातं बंद झालं की ॲपचं लॉगिनही जातं.

तक्रार फोनवर केली तरी डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय ठेवू नका. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. सोबत १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही नोंद करा. पुढची पायरी नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो तिथे केस टाकता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आणि ₹५ लाखांपर्यंत फी नाही. टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. ‘ते इथे चालत नाही हो’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सातपूरचा_फायबरवाला
सोडण्याबद्दल. ०२५३ चा नंबर नेता येत नाही, पोर्टिंग फक्त मोबाईलला आहे. घरातल्या मोठ्यांचा जीव त्या नंबरात अडकला असेल तर लँडलाइनचा वेगळा स्वस्त प्लॅन मिळतो का, ते बंद करायच्या आधी विचारा.

मोबाईलसाठी इंग्रजीत पोर्ट, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर. येणारा आठ अक्षरांचा कोड महाराष्ट्रात चारच दिवस चालतो. थकबाकी असेल तर कोडच मिळत नाही. रागाच्या भरात २९५ अडवून बसाल तर पोर्टिंग तिथेच अडेल. ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असा ईमेल टाकून पूर्ण भरा, मगच यूपीआय ॲपमधला ऑटोपे रद्द करा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: फायबर खात्याचा ओटीपी या दोनपैकीच एका सिमवर येत असतो. ते सिम आधी बंद झालं तर फायबर बंद करायला ओटीपीच येणार नाही. आधी खात्यावर घरातला तिसरा नंबर लावा, मग फायबर बंद करायची विनंती, शेवटी सिम.

ओएनटी, म्हणजे कंपनीने घरात बसवलेला फायबरचा डबा, परत देताना अडॅप्टरसकट द्या. डब्याखालच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि तोच नंबर लिहिलेली पोच घ्या. न्यायला आलेला पोरगा ‘सिस्टीमला टाकतो’ म्हणाला तरी कागदावर सही घ्याच. पोच नसेल तर अनामत परत मागायला हातात काहीच उरत नाही.